यात्रा, समभाव आणि पंढरीचे दार
यात्रेकरू घर सोडतो तेव्हा नित्याची समाजरचना मागे पडते आणि यात्रिकांत एक निराळा समभाव उदय पावतो, असा व्हिक्टर टर्नर या मानवशास्त्रज्ञांचा सिद्धान्त आहे. या समभावाला त्यांनी ‘कम्युनिटास’ ही संज्ञा दिली. १९७४ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी इरावती कर्वे यांच्या पंढरीच्या वारीवरील लेखाचा आधार घेतला आहे. वारकरी परस्परांच्या पाया पडतात, एका नामाच्या ठेक्यावर चालतात. तेथे हा समभाव प्रत्यक्ष दिसतो. परंतु एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे वेगवेगळे जेवत, याची खंत कर्वे यांनी त्याच लेखात नोंदविली आहे. भजनात विरलेली जात भोजनाच्या वेळी पुन्हा उभी राही. टर्नर हा भेद नाकारीत नाहीत. यात्रेत त्याची धार बोथट होते, एवढेच त्यांचे म्हणणे. मात्र ती कोणाला बोथट वाटली, हे विचारणे अगत्याचे आहे. शतकानुशतके वारी चालू असूनही विठ्ठलमंदिराचे दार अस्पृश्यांना उघडले ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. तेव्हा हा सिद्धान्त वारकऱ्याच्या अनुभूतीचे यथार्थ वर्णन करतो. दाराबाहेर राहिलेल्या भक्ताचा अनुभव मात्र त्यात पुरता सामावत नाही.