दोषनिर्णय आणि अन्नदान

दोष कोणाचा हे ठरल्यावाचून वर्गणी का द्यावी, असे कित्येक सद्गृहस्थ विचारितात. त्याचे उत्तर १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात आहे. सर जॉन वुडहेड यांच्या चौकशी मंडळाने १९४५ साली अहवाल दिला. त्यात सुमारे १५ लक्ष मृत्यूंचे अनुमान होते. पुढील अभ्यासकांनी आकडा याहून बराच अधिक धरिला. मंडळाने प्रांतिक व हिंदुस्थान सरकारांच्या चुका दाखविल्या, धान्य दाबून नफा करणारांसही दोष दिला. निवाडा अवश्य होता. परंतु त्याने मृतांच्या मुखी घास पडला नाही. जेथे कुटुंबेच्या कुटुंबे नष्ट झाली, तेथे शोक करावयास वा साक्ष द्यावयास कोण उरणार? न्यायास पुराव्यासाठी थांबणे भाग असते. भुकेस थांबता येत नाही. आज जगविलेला मनुष्यच उद्या साक्ष देईल. यास्तव चौकशीची मागणी सोडू नये, आणि तिच्या सबबीवर कोठारही बंद ठेवू नये, ही दात्यांस विनंती.