उतार तोच, अंदाज वेगळा

अकरा महिन्यांचं बाळ किती तीव्र उतारावरून रांगत खाली येईल? न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी हा प्रश्न थेट आयांना विचारला. प्रयोगशाळेत कमीजास्त कलता करता येणारा एक मार्ग होता. बाळाला जमेल असं वाटेल तेवढा उतार आईनं ठरवायचा, मग बाळाला त्यावर रांगू देऊन पाहायचं. २००० साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: मुलग्यांच्या आयांनी त्यांची क्षमता जास्त धरली, मुलींच्या आयांनी कमी. प्रत्यक्षात उतार उतरण्यात दोघं अगदी सारखी होती.

या आया काही परक्या नव्हत्या. रोज डोळ्यांसमोर रांगणाऱ्या आपल्याच लेकीबद्दल त्यांचा अंदाज चुकला, हे मला सर्वांत अस्वस्थ करतं. कारण जिला जमणार नाही असं वाटतं, तिला आपण लगेच उचलून घेतो. मग तिला सराव मिळणार कधी?

रडण्याचंही तेच. १९७६ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात सगळ्यांना एकाच बाळाची फीत दाखवली. झाकण उघडताच उसळून वर येणारं खेळणं पाहून ते बाळ रडतं. ज्यांना तो मुलगा असल्याचं सांगितलं होतं त्यांना त्यात राग दिसला. मुलगी म्हटल्यावर भीती दिसली.

अशा प्रतिसादांतून मूल काय उचलतं, हे मानसशास्त्रज्ञ बेव्हर्ली फॅगट आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवलं. सव्वा वर्षाच्या आतल्या मुलांच्या खेळगटात आक्रमकपणात किंवा मोठ्यांशी संवाद साधण्यात मुलगा-मुलगी असा फरक नव्हता. पण सांभाळणाऱ्यांचं लक्ष मुलग्यांच्या ढकलाढकलीकडे आणि मुलींच्या हळुवार हाकेकडे अधिक जाई. अकरा महिन्यांनी तीच मुलं पाहिली, तर मुलगे जास्त आक्रमक झाले होते आणि मुली शिक्षिकांशी जास्त बोलत होत्या. मोठ्यांनी ज्याची दखल घेतली, ते रुजलं.

जीवशास्त्राचा काहीच वाटा नाही, असं नव्हे. गर्भावस्थेतल्या संप्रेरकांचा खेळण्यांच्या आवडीवर परिणाम होतो, याचे पुरावे आहेत. पण ‘मुलीसारखा रडतोस काय’ हे कोणतंही संप्रेरक शिकवत नाही.

आणि शिकलेलं बदलतं. हरियाणातल्या ३१४ सरकारी शाळांपैकी काहींमध्ये ‘ब्रेकथ्रू’ संस्थेनं किशोरवयीन मुलामुलींशी वर्गात स्त्री-पुरुष समतेवर सुमारे अडीच वर्षं चर्चा घडवली. बाकीच्या शाळा तुलनेसाठी ठेवल्या. विषमतेकडे झुकलेल्या मतांपैकी सुमारे १६ टक्के समतेकडे वळली. उपक्रम संपल्यावर दोन वर्षांनीही तो बदल टिकून होता. शिवाय तो मतांपुरता राहिला नाही: रोजच्या वागण्याबद्दल विचारलं तेव्हाही मुलांची उत्तरं अधिक समतेची होती.