लेकरांच्या गावी – भाग 6 : फिलाडेल्फिया, ब्रॉड स्ट्रीटच्या रेल्वेने

मुळशी तालुक्याच्या एका टोकाला आमची ताम्हिणी, दुसऱ्या टोकाला हिंजवडी. हिंजवडीतल्या कंपन्यांतून अमेरिकेला गेलेल्या मुलामुलींचे आईवडील नातवंडांसाठी तिकडे जातात आणि पुष्कळदा न्यू जर्सीत उतरतात. त्यांच्यासाठीच ही लेखमाला आहे. मागच्या भागात न्यूयॉर्क पाहिलं. तिथून रेल्वेने साधारण दीड तासावर फिलाडेल्फिया आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनहून सकाळी निघून रात्री परत येता येतं, पण जमलं तर एक रात्र राहा.

मुलं आधी तुम्हाला इंडिपेन्डन्स हॉलला नेतील, आणि न्यावंच. 1776 चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा याच इमारतीत मंजूर झाला आणि 1787 मध्ये अमेरिकेची राज्यघटनाही इथेच लिहिली गेली. आत जायला बहुतेक महिने वेळेचं तिकीट आधी काढून ठेवावं लागतं. समोरच तडा गेलेली लिबर्टी बेल आहे, ती पाहायला पैसे पडत नाहीत. या घंटेला आजचं नाव दिलं ते गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्यांनी, जाहीरनाम्यानंतर साठेक वर्षांनी. ज्या देशाने सगळी माणसं समान जन्मली असं लिहिलं, त्याच देशात लाखो माणसं विकली जात होती, हे त्यांना त्या घंटेवरून सांगायचं होतं.

दुपारी मुलं कला संग्रहालयाच्या त्या 72 पायऱ्यांवर नेतील. ‘रॉकी’ सिनेमातला मुष्टियोद्धा धावत चढतो त्याच या. फोटो काढा, पण मग मागच्या बाजूने नदीकडे उतरा. तिथे फेअरमाउंट वॉटर वर्क्स ही जुनी इमारत आहे. 1822 पासून स्कूलकिल नदीवर बांध घालून, पाण्यावर फिरणाऱ्या चाकांनी नदीचंच पाणी वर चढवून शहराला दिलं जाई. पुढे नदी स्वच्छ राहावी म्हणून शहराने काठच्या जमिनी घेतल्या आणि त्यातून फेअरमाउंट पार्क वाढलं. आपल्या मुळशी खोऱ्यातलं धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्राला उतरून मुंबईसाठी वीज होतं, त्या धरणासाठी आपली गावं पाण्याखाली गेली आणि 1921 मध्ये सत्याग्रह करावा लागला. त्या आठवणीत वाढलेल्या माणसाने हे ठिकाण सावकाश पाहावं.

इथवरचं कुठल्याही सहलीत होतं. मराठी माणसाने दुसऱ्या दिवशी सिटी हॉलखालून ब्रॉड स्ट्रीट लाइनची गाडी पकडावी आणि आधी उत्तरेला जावं. जिरार्ड स्टेशनला उतरून पश्चिमेला चालत गेलं की जिरार्ड कॉलेजची उंच दगडी भिंत लागते. तिच्या उत्तरेच्या अंगाने जाणारा रस्ता म्हणजे नॉर्थ कॉलेज अव्हेन्यू. या रस्त्यावर, एकविसाव्या रस्त्याच्या कोपऱ्याला, विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया होतं. कल्याणच्या आनंदीबाई जोशी 1883 मध्ये इथे शिकायला आल्या. 7 एप्रिलला कलकत्त्याहून निघून 4 जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या होत्या. 11 मार्च 1886 ला, एकवीस वर्षं पूर्ण व्हायच्या आत, त्यांनी एम.डी. पदवी घेतली. प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. जिचं स्वतःचं मूल दहा दिवसांचं होऊन गेलं, त्या मुलीने हा विषय घेतला होता.

पदवीदानाला इंग्लंडहून पंडिता रमाबाई आल्या. कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांनी पुढे रमाबाईंच्या ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली. ते पुस्तक 1887 मध्ये फिलाडेल्फियातच निघालं आणि त्याच्या विक्रीचे पैसे रमाबाईंच्या शाळेच्या कामी आले. पदवीदानाला बरोबर तीन वर्षं झाली त्या दिवशी, 11 मार्च 1889 ला, मुंबईत रमाबाईंची ती शाळा, शारदा सदन, सुरू झाली. आनंदीबाई ते पाहायला नव्हत्या. क्षयाने 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात त्या गेल्या. कोल्हापूरच्या इस्पितळात त्यांना मिळालेली डॉक्टरची जागा त्यांची वाट पाहत राहिली.

त्यांचं हे वैद्यकीय कॉलेज 1930 मध्ये शहराच्या ईस्ट फॉल्स भागात गेलं आणि आता त्याचा वारसा ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आहे. इथे पाहण्यासारखं काही उरलेलं नाही, म्हणून सहलीवाले येत नाहीत. मला मात्र या शहरातली सगळ्यांत महत्त्वाची जागा हीच वाटते, आणि कारण ती भिंत. भिंतीबाहेर 1850 साली स्थापन झालेलं स्त्रियांचं कॉलेज. तिथून रिबेका कोल ही कृष्णवर्णीय स्त्री 1867 मध्येच डॉक्टर होऊन बाहेर पडली. आनंदीबाईंबरोबर जपानची केई ओकामी आणि सीरियाची सबात इस्लामबुली शिकत होत्या. 1885 चा तिघींचा एकत्र फोटो प्रसिद्ध आहे. भिंतीच्या आत मात्र, जिरार्ड कॉलेज या शाळेत, संस्थापक स्टीफन जिरार्डच्या मृत्युपत्राप्रमाणे फक्त गोऱ्या अनाथ मुलांना प्रवेश. 1965 मध्ये वकील सेसिल बी. मूर यांच्या पुढाकाराने लोकांनी त्या भिंतीभोवती सात महिने निदर्शनं केली, मार्टिन ल्यूथर किंगही तिथे येऊन बोलले. पहिली कृष्णवर्णीय मुलं आत गेली ती 1968 मध्ये. घंटेपाशी सांगितला जाणारा इतिहास खरा आहे, पण अर्धा. उरलेला या एका रस्त्यावर कळतो. दिवसाउजेडी जा, कुणालातरी बरोबर घ्या.

जवळच्या मोठ्या रस्त्याला आता मूर यांचंच नाव आहे. त्या रस्त्यालगत, चोविसाव्या आणि पंचविसाव्या रस्त्यांमध्ये, तेव्हा रिक्रिएशन पार्क हे मैदान होतं. फिलीज हा बेसबॉल संघ तिथे 1883 ते 1886 खेळला. म्हणजे आनंदीबाईंची कॉलेजची वर्षं तीच या संघाची पहिली वर्षं, आणि दोन्ही जागा चालत जाण्याच्या अंतरावर. पहिल्या हंगामात संघाने 17 सामने जिंकले आणि 81 हरले. पहिलं अजिंक्यपद मिळालं 1980 मध्ये, म्हणजे 97 वर्षांनी. 2007 मध्ये 10,000 सामने हरणारा अमेरिकेतला पहिला व्यावसायिक संघही हाच ठरला. तरी शहराने त्याला सोडलं नाही, आणि या प्रेमासाठी हे शहर मला फार आवडतं.

आता तीच गाडी दक्षिणेला शेवटच्या स्टेशनपर्यंत न्या. बेसबॉल, अमेरिकन फुटबॉल, बास्केटबॉल आणि आइस हॉकी, चारही खेळांची मैदानं तिथे शेजारीशेजारी आहेत. उन्हाळ्यात गेलात तर फिलीजचा सामना पाहा. नियम कळले नाहीत तरी चालेल, शेजारचा माणूस आनंदाने समजावतो. तोच तुम्हाला पेनचा शापही सांगेल. शहर वसवणाऱ्या विल्यम पेनचा पुतळा सिटी हॉलच्या शिखरावर आहे. त्याच्या टोपीपेक्षा उंच काही बांधायचं नाही असा अलिखित संकेत 1987 मध्ये मोडला आणि त्यानंतर शहराच्या मोठ्या संघांना अजिंक्यपदच मिळेना. 2007 मध्ये नव्या सर्वांत उंच इमारतीच्या माथ्यावर कामगारांनी पेनची छोटी मूर्ती बसवली. पुढच्या वर्षी फिलीज जिंकले.

क्रिकेटवाल्यांसाठी एक जागा राहिली. 1854 मध्ये स्थापन झालेला फिलाडेल्फिया क्रिकेट क्लब अजून आहे. 1884 मध्ये इथला संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला, मुंबईचे पारशी खेळाडू गेले त्याच्या दोन वर्षं आधी. 1893 मध्ये या शहराने ऑस्ट्रेलियाला डावाने हरवलं. इथला गोलंदाज बार्ट किंग 1908 मध्ये इंग्लंडमधल्या गोलंदाजांच्या सरासरीत पहिला आला, 87 बळी, सरासरी 11.01. त्या काळातलं साहित्य हॅवरफर्ड कॉलेजच्या क्रिकेट ग्रंथालयात जपलं आहे. हॅवरफर्डला लोकल गाडी जाते. निघण्याआधी ग्रंथालयाची वेळ विचारून घ्या.

पुढच्या आठवड्यात बॉस्टन.