ओली झाली की चमकते

मालवणच्या एका वाचकाची तक्रार आहे. फायबरच्या बोटीला हात लावला की हाताला पांढरी भुकटी लागते. पण पाणी मारलं की तीच बोट नव्यासारखी चमकते आणि वाळली की पुन्हा मळकट. मग चमक गेली म्हणायची की आहे?

गाभाऱ्यातली काळ्या पाषाणाची मूर्ती आठवा. कोरडी असते तेव्हा राखेसारखी करडी, अभिषेकाचं पाणी पडलं की काळीभोर. कोरड्या दगडावरच्या बारीक खळग्यांवर प्रकाश वाट्टेल तसा विखुरतो आणि तो पांढुरकेपणा आपल्याला दगडाचाच रंग वाटतो. पाणी हे खळगे भरून काढतं. शिवाय हवेतून थेट दगडात शिरताना प्रकाशाला बसतो तेवढा हिसका पाण्यातून शिरताना बसत नाही. तेल चोळलं तर तोच काळेपणा बरेच दिवस टिकतो.

बोटीवर हे खळगे पाडतं ऊन. फायबरवरचा जेलकोट म्हणजे रंग कालवलेलं पॉलिएस्टर रेझिन, जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. अतिनील किरणांनी रेझिनच्या साखळ्या तुटतात, हवेतला ऑक्सिजन तुटल्या टोकांना जाऊन चिकटतो, रेझिन झिजतं आणि त्यानं धरून ठेवलेले रंगाचे कण सुटे होतात. हाताला लागते ती ही भुकटी. पांढऱ्या बोटीत हा रंग टायटॅनियम डायऑक्साइडचा. मोठा दुतोंडी पदार्थ! अतिनील किरण शोषून तो रेझिनला सावली देतो आणि त्याच उन्हाच्या जोरावर शेजारचं रेझिन खातोही. १९७२ साली फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी ह्याच पदार्थावर प्रकाश पाडून पाण्याचं विघटन करून दाखवलं होतं. म्हणून तर रंगाचे कारखानदार त्याच्या कणांना सिलिका-अ‍ॅल्युमिनाचं अस्तर चढवतात.

आता पॉलिश. घासून काच सपाट होत नाही, मोठे ओरखडे जाऊन त्यांच्या जागी डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक येतात, असं न्यूटननं १७०४ च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये लिहून ठेवलंय. दोनशे वर्षांनी लॉर्ड रॅले यांनी त्यात दुरुस्ती सुचवली: शेवटच्या हातात काच ओरखड्यांनी नव्हे, जवळजवळ रेणूरेणूनं निघते. रॅले म्हटलं की सगळ्यांना आकाशाचा निळा रंग आठवतो. मला काच घासत बसलेले रॅले जास्त आवडतात. बोटीला मात्र न्यूटन पुरतो. आधी हजार नंबरचा वॉटर पेपर, मग दोन हजारचा, मग कंपाउंड. ओरखडे प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा, म्हणजे साधारण अर्ध्या मायक्रॉनपेक्षा, बारीक झाले की चमक आली.

‘एकदा पुसा, बोट नवी’ म्हणणाऱ्या बाटल्या विकत मिळतात. तो अभिषेकच, जरा महागातला. वॅक्सही खळगे भरतं, पण ते घासून झाल्यावर, वरचं झाकण म्हणून लावायचं, आणि काही महिन्यांनी पुन्हा.

घासण्याआधी बोट गोड्या पाण्यानं धुवा आणि ओली असतानाच नीट बघा. सगळीकडे सारखी चमकली तर खाली रंग शाबूत आहे. ओलीसुद्धा ठिपकेदार दिसली तर जेलकोट संपत आलाय, तिथं पेपर लावू नका, नवा थरच द्यावा लागेल. प्रत्येक घासणीत त्या अर्ध्या मिलिमीटरमधलंच काही जातं. बोट किनाऱ्यावर ओढली की तिच्यावर नारळाचे झाप टाका. अतिनील किरण अडवायला तेवढे पुरतात.