पडद्याला सूज म्हणजे ऑपरेशन वाया?

मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, आठवड्यात लख्ख दिसू लागले आणि महिनाभराने पुन्हा धुरकट. अशा वेळी शहागडच्या पारावर सल्ल्यांना तोटा नसतो. त्यांतले नेहमीचे काही तपासून पाहू.

गैरसमज : डॉक्टरांनी ऑपरेशन बिघडवले.
वस्तुस्थिती : ऑपरेशन उत्तम होऊनही असे घडते. डोळ्यात दाह वाढवणारी रसायने तयार होतात, पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरतात आणि पीतबिंदूत पाणी साचून सूज येते. आपण बारीक अक्षर वाचतो ते याच भागाने. आयर्विन यांनी १९५३ मध्ये हा विकार नोंदवला. गॅस आणि नॉर्टन यांनी १९६६ मध्ये शिरेतून रंगद्रव्य देऊन काढलेल्या छायाचित्रांत गळती दाखवली. नजर घटवणारी सूज साधारण शंभरात एक-दोघांना, बहुधा चार ते सहा आठवड्यांनी येते. मधुमेहींना धोका जास्त.

गैरसमज : डोळा लाल नाही, दुखत नाही, मग आत सगळे ठीक.
वस्तुस्थिती : ही सूज बाहेरून दिसत नाही, सहसा दुखतही नाही. एक डोळा झाकून दाराची चौकट पाहा. सरळ कड वाकडी वाटली किंवा कॅलेंडरवरचा आकडा मधोमध पुसट दिसला, तर ओसीटी करून घ्या. सुई न टोचता काही मिनिटांत पडद्याची जाडी कळते.

गैरसमज : चष्म्याचा नंबर बदलला की भागेल.
वस्तुस्थिती : सूज असताना नंबर काढला तर सूज ओसरल्यावर तो बदलू शकतो. आधी सूज उतरू द्या.

गैरसमज : घरात उरलेले थेंब घालत राहावेत.
वस्तुस्थिती : स्टेरॉइडचे थेंब देखरेखीविना लांबवले तर डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो.

गैरसमज : गेलेली नजर परत येत नाही.
वस्तुस्थिती : बहुतेकांची सूज काही महिन्यांत ओसरते आणि नजर सुधारते. आधी सूज उतरवणारे थेंब देतात. दाद न मिळाल्यास इंजेक्शन. मधुमेहामुळे पडदा आधीच खराब असेल, तर वेळ अधिक लागतो.

चांगले दिसते म्हणून महिन्याची तपासणी चुकवू नका. शहागडहून अंबडमार्गे जालन्यात श्री गणपती नेत्रालय आहे, छत्रपती संभाजीनगरला घाटी रुग्णालय. मात्र डोळा अचानक दुखून लाल झाला, ठिपके तरंगू लागले किंवा नजरेवर सावली सरकली, तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी निघा.