स्पोर्ट्स कारमधला गारवा

मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास बारामती-इंदापूर परिसरात शून्य सावलीचा दिवस येतो. येथील अक्षांश सुमारे १८ अंश उत्तर असल्याने त्या दिवशी भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो. शाळेच्या अंगणात रोवलेल्या काठीची सावली नाहीशी झालेली आपण मुलांना दाखवतो. त्याच अंगणात उन्हात उभ्या असलेल्या मोटारीचे दार उघडले, तर भट्टीचे तोंड उघडल्यासारखे वाटते.

समजा, बारामतीच्या एका हौशी तरुणाने जुन्या मोटारीची स्पोर्ट्स कार करायला घेतली आहे. नाक बसके, पुढची काच तिरपी, आणि परिवहन कार्यालयाची रीतसर मंजुरी घेऊन बसवलेले मोठे इंजिन. आता मूळची वातानुकूलन यंत्रणा या गाडीत मावत नाही. म्हणून एका गाडीचा कॉम्प्रेसर, दुसऱ्या गाडीचा कंडेन्सर आणि मापाने बनवून घेतलेल्या नळ्या असा जमाव करायचा आहे. ही गाडी सोलापूर रस्त्याने भिगवणमार्गे इंदापूरला जाताना गार राहील का? याचे उत्तर शाळेतल्या पदार्थविज्ञानातूनच मिळते, हे आम्हाला येथे दाखवायचे आहे.

गारवा येतो कोठून?

तळहातावर स्पिरिटचे दोन थेंब टाकले की हात गार पडतो, कारण द्रवाची वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता हातातून घेतली जाते. माठातले पाणी गार होते तेही याच कारणाने. मोटारीत पाण्याऐवजी आर-१३४ए हा प्रशीतक अनेक वर्षे वापरात आहे. हवेच्या नेहमीच्या दाबाला तो उणे २६ अंश सेल्सिअसला उकळतो. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये तो सुमारे ३ बार दाबाखाली, शून्य अंशाच्या आसपास उकळत असतो आणि आतल्या हवेतून उष्णता घेतो.

माठातली वाफ उडून जाते. येथे मात्र तीच वाफ पुन्हा द्रव करून वापरायची असते. इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर ती दाबतो. दाबलेली तप्त वाफ कंडेन्सरमध्ये बाहेरच्या हवेला उष्णता देऊन द्रव होते. पुढे एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून जाताना दाब उतरतो आणि चक्र पुन्हा सुरू होते. अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९३९ साली गिऱ्हाइकांपुढे ठेवलेल्या मोटारीत हेच चक्र होते. मात्र तिच्या कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. गारवा नको असेल तर गाडी थांबवून पट्टा काढावा लागे!

तिरप्या काचेची किंमत

स्पोर्ट्स कारमधली जागा लहान, म्हणून यंत्रणाही लहान पुरेल, असे वाटते. पण सूर्य डोक्यावर असताना क्षितिजसमांतर पृष्ठभागाशी ६० अंशांचा कोन करणाऱ्या काचेवर उभ्या किरणांचा निम्माच भाग पडतो. ३० अंशांच्या काचेवर तो ८७ टक्के असतो. हा कोज्येचा नियम मुलांकडून कागदावर सोडवून घेता येईल. भर दुपारी एका चौरस मीटरवर सुमारे १ किलोवॉट ऊर्जा पडते. म्हणजे तिरप्या काचेची ऐट कॉम्प्रेसरला भारी पडते. त्यात मोठ्या इंजिनाची धग भर घालते.

खरी परीक्षा कंडेन्सरची

उष्णता गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते. बाहेरची हवा ४२ अंश असेल, तर कंडेन्सरमधला प्रशीतक ६० अंशांच्या जवळ असावा लागतो. त्या तापमानाला त्याचा दाब सुमारे १७ बार असतो. बसक्या नाकामुळे वाऱ्याची वाट अडली किंवा गाडी उसाच्या ट्रॉलीमागे रेंगाळली, तर तापमान ८० अंशांपर्यंत चढून दाब २६ बारवर जातो. गारवा घटतो, इंजिनावर ताण येतो, नळी फुटण्याचा धोका वाढतो. म्हणून कंडेन्सर मोठा, त्याला स्वतःचा पंखा, आणि दाब वाढताच कॉम्प्रेसर बंद करणारा प्रेशर स्विच या तीन गोष्टींत काटकसर करू नये.

नळ्या आणि निर्वात

ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक नळ्या बनवून देणारी दुकाने सर्वत्र असतात. पण साध्या रबरातून प्रशीतकाचे रेणू हळूहळू झिरपतात. नायलॉनचे अस्तर असलेली खास नळीच हवी. जोडणीनंतर गॅस भरण्यापूर्वी पंपाने आतली हवा काढतात. त्यामागचे कारण वर्गात दाखवता येते. सिरिंजमध्ये थोडे गरम पाणी घ्या, तोंड बोटाने बंद करा आणि दट्ट्या मागे ओढा. पाणी उकळू लागेल. दाब कमी झाला की उत्कलनबिंदू उतरतो. पंप हवेबरोबर नळ्यांतला ओलावाही याच रीतीने वाफ करून काढतो. तो राहिला, तर व्हॉल्व्हच्या छिद्रात बर्फ धरतो.

गॅसचा हिशेब

पूर्वी वापरात असलेला आर-१२ ओझोनचा थर विरळ करत असल्याने १९८७ च्या माँट्रियल करारानुसार हद्दपार झाला. आर-१३४ए ओझोनला अपाय करत नाही. मात्र शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट उष्णता अडवतो. म्हणून २०१६ च्या किगाली दुरुस्तीत त्याचाही वापर घटवण्याचे ठरले. गाडीतला ६०० ग्रॅम गॅस हवेत सोडणे म्हणजे सुमारे ८६० किलो कार्बन डायऑक्साइड सोडणे. एक लिटर पेट्रोल जळून २.३ किलो निघतो. म्हणजे हे सुमारे ३७० लिटर पेट्रोल जाळण्यासारखे झाले! दुरुस्तीच्या वेळी गॅस यंत्राने काढून साठवावा, तो याचसाठी. स्वस्त पडतो म्हणून कोणी स्वयंपाकाचा गॅस भरायला सुचवले, तर स्पष्ट नकार द्यावा. गळती झाली की बंद गाडीत ठिणगीला निमित्त मिळते.

आपल्या अनेक विद्यार्थ्यांचे हात उद्या गॅरेजात काम करणार आहेत. तेथे नळीचा एक जोड घट्ट करताना वर्गातली ती सिरिंज त्यांना आठवली, तर शिकवण्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.