गोपुरासमोरचा चौथरा

श्रीरंगमच्या रंगनाथस्वामी मंदिराचं राजगोपुरम २३६ फूट उंच आहे. कित्येक शतकं अर्धवट राहिलेलं ते काम १९८७ मध्ये पुरं झालं. वैकुंठ एकादशीला लाखो भाविक इथे लोटतात. याच गोपुरासमोर नास्तिक समाजसुधारक पेरियार ई. व्ही. रामस्वामी यांचा पुतळा आहे. देव नाही, मुळीच नाही. तो निर्माण करणारा मूर्ख, त्याचा प्रसार करणारा लबाड आणि त्याला पुजणारा रानटी, अशा आशयाचा मजकूर तिथे आहे. तमिळनाडूत गावोगावच्या पेरियार पुतळ्यांच्या चौथऱ्यांवर तो कोरलेला दिसतो. शब्द पेरियारांचेच, १९६७ मधले.

जानेवारी २००९ मध्ये ब्रिटनमध्ये सुमारे ८०० बसगाड्यांवर नास्तिकांची जाहिरात झळकली. साडेपाच हजार पौंड वर्गणीची अपेक्षा होती, दीड लाखाच्या वर जमली. मजकूर मात्र जपून लिहिलेला: देव ‘बहुधा’ नाही, तेव्हा काळजी सोडा आणि मजेत जगा. शेकडो तक्रारी आल्या, जाहिरात नियामक संस्थेने त्या फेटाळल्या. ठरलेली मुदत संपली आणि जाहिरात उतरली. तमिळनाडूतल्या दगडावर ‘बहुधा’ नाही, मुदतही नाही. आणि हा समाज लंडनपेक्षा कितीतरी अधिक देवभोळा.

किती देवभोळा, ते जनगणना सांगते. २०११ मध्ये देशभरात स्वतःला नास्तिक म्हणवणारे जेमतेम ३३ हजार निघाले. त्यांत सर्वाधिक, ९,६५२, महाराष्ट्रातले. सव्वासात कोटींच्या तमिळनाडूत दीड हजारसुद्धा नव्हते. दगडावरचं वाक्य वाचून कुणी देव सोडला असेल, तर तो शिरगणतीत तरी सापडत नाही. मग हा दगड तिथे करतो काय?

उत्तर शोधायला १९२४ च्या वायकोमला जावं लागतं. त्रावणकोर संस्थानातल्या या गावात शिवमंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून अवर्णांना चालायला बंदी होती. देवळाच्या आत जायची मागणी अजून दूर होती. भांडण रस्त्याचं होतं. तेव्हा काँग्रेसमध्ये असलेले पेरियार त्या सत्याग्रहात उतरले आणि दोनदा तुरुंगात गेले. देवाच्या नावाने रस्ता अडवता येतो, हे त्यांनी तिथे पाहिलं. पुढच्याच वर्षी त्यांनी काँग्रेस सोडली आणि स्वाभिमान चळवळ उभी केली. देवळासमोरच्या चौथऱ्याचं मूळ मला या अडवलेल्या रस्त्यात दिसतं.

त्यांची भाषा उत्तरोत्तर जहाल होत गेली. १९५३ मध्ये त्यांनी भर सभेत गणपतीची मातीची मूर्ती फोडली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मूर्तीची प्राणप्रतिष्ठा झालेली नसली, तरी लोक जिला पवित्र मानतात तिला कायद्याचं संरक्षण आहे, असं न्यायालयाने १९५८ मध्ये बजावलं. पण प्रकरण जुनं झालं म्हणून पुढची कारवाई थांबवली. पेरियारांपासून फुटून निघालेल्या अण्णादुराईंनी मधली वाट काढली. आपण गणपतीही फोडणार नाही आणि त्याच्यापुढे नारळही फोडणार नाही, ही त्यांची भूमिका. १९७१ मध्ये पेरियारांच्या अनुयायांच्या सेलममधल्या मिरवणुकीत रामाची विटंबना झाल्याच्या आरोपावरून निवडणुकीआधी वादळ उठलं, तरी अण्णादुराईंनी स्थापलेला द्रमुक पक्ष १८४ जागा घेऊन परतला. मतदार देवळातही जात होते आणि द्रमुकच्या उगवत्या सूर्यावर शिक्काही मारत होते.

हे एकाच माणसात कसं बसतं, ते पेरियारांच्या शेवटच्या लढ्याकडे पाहिल्यावर कळतं. ऐन नव्वदीत ते मागत होते काय, तर कोणत्याही जातीच्या माणसाला देवळात अर्चक होण्याचा हक्क. देव नाकारणारा म्हातारा गाभाऱ्याच्या दारासाठी भांडत होता. करुणानिधींच्या द्रमुक सरकारने १९७० मध्ये वंशपरंपरागत पौरोहित्य कायद्याने मोडलं. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा टिकवला, पण मूर्तीला कुणी शिवायचं हे ठरवताना आगमांचे, म्हणजे पूजाविधीच्या शास्त्रांचे, नियम पाळावे लागतील, असंही म्हटलं. दार किलकिलं राहिलं. डिसेंबर १९७३ मध्ये पेरियार गेले.

त्यांच्या दगडावर घाव पडत राहिले. डिसेंबर २००६ मध्ये श्रीरंगमच्या पुतळ्याचं अनावरणाआधीच डोकं उडवलं गेलं. काही दिवसांतच तिथे दुसरा, धातूचा पुतळा आला. २०१८ मध्ये तिरुपत्तूरचा पुतळा फोडला. २०१९ मध्ये चौथऱ्यांवरचा मजकूर काढून टाकावा म्हणून याचिका आली. देव आहे असं म्हणण्याचा अर्जदाराला जेवढा हक्क, तेवढाच तो नाही म्हणण्याचा समोरच्याला, असं सांगून मद्रास उच्च न्यायालयाने ती फेटाळली. २०२३ मध्ये तिथल्या भाजप प्रदेशाध्यक्षांनी श्रीरंगममध्येच जाहीर केलं, की सत्ता आली तर देवळांसमोरचे असे पुतळे हलवू.

आपल्याकडे डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वेगळा मार्ग धरला. त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा विरोध देवाला किंवा धर्माला नव्हता, त्यांच्या नावाने चालणाऱ्या शोषणाला होता. तरी २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. तेव्हा ‘जरा सौम्य बोला’ हा सल्ला दर वेळी कामाला येतोच, असं नाही.

१४ ऑगस्ट २०२१ रोजी तमिळनाडू सरकारने सरकारी प्रशिक्षण घेतलेल्या वेगवेगळ्या जातींतल्या २४ जणांना देवळांत अर्चक नेमलं. पहाटे उठून ते देवाला स्नान घालतात, दिवा लावतात. चौथऱ्यावरच्या मजकुराप्रमाणे तेही रानटीच ठरतात. पण त्यांच्यासाठी गाभाऱ्याचं दार ठोठावत राहिला, तो हा मजकूर लिहिणाराच.